नंदू परबाचं हृदय आणि दहिसरचा नाका

आमच्या मुलुंडात आजही दहा-बारा घरं अशी सापडतील, की जिथली माणसं देवाशपथ सांगतील, नंदू परबाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलंय. कुणाचं, यावर मात्र एकमत नाही. पिठाच्या गिरणीचा मालक शिवदास म्हणतो, एका पंजाबी ट्रक ड्रायव्हरचं. शेजारच्या शांताबाईंचं म्हणणं, बाईमाणसाचं असणार. नाहीतर हा गडी हल्ली कुणाच्याही लग्नात नवरीच्या आईच्या आधी कसा रडतो? मी दोघांचं ऐकून घेतो आणि मान डोलावतो. चांगल्या अफवेचा गळा दाबणं माझ्याच्यानं होत नाही. पण आज खरं काय ते सांगून टाकतो, कारण खरं त्याहून मजेदार आहे.

नंदकिशोर परब म्हणजे डॉक्टर करमळकरांचा कंपाउंडर. मूळचा कणकवलीकडचा. खिडकीआड बसून बाटल्यांत गुलाबी मिक्श्चर ओतायचं, डोसाच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायची, आणि पेशंटला डॉक्टरांपेक्षा जास्त पथ्य सांगायचं, हा त्याचा धंदा. स्वतः मात्र पथ्याच्या बाबतीत मोकळा. बांगडा दिसला की डोळे मिटायचा. पोट असं, की खिडकीत बसला की बाटली ठेवायला फळी लागायची नाही. स्टेशनचा पूल चढताना मधेच थांबून भिंतीवरच्या जाहिराती मन लावून वाचायचा. दम लागलाय हे लोकांना कळू नये म्हणून. त्यामुळे मूळव्याधीच्या गुणकारी औषधांची त्याला खडान्‌खडा माहिती होती.

असा हा माणूस सव्वीस मैल धावला. का धावला, त्याचं कारण भीमराज साळवे.

भीमराज हा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करणारा पोरगा. आई सुंदराबाईसोबत आमच्याच वस्तीत राहायचा. तिशीही उलटली नव्हती, आणि त्याचं हृदय फुगत चाललं होतं. करमळकर डॉक्टरांनी समजावून सांगितलं, “चड्डीचं इलॅस्टिक सैल पडतं ना, तसं झालंय. आवळता येत नाही. हृदयच बदलायला हवं. परदेशात करतात. आपल्याकडे एका इस्पितळात प्रयोग चाललेत, पण अजून कुत्र्यांवर.”

भीमराज नंदूकडे वळून म्हणाला, “कंपाउंडर, मिक्श्चर राहू दे. मला भुंकायला शिकव, नंबर लवकर लागंल.”

दोघं इतके हसले, की डॉक्टरांना दार लावून घ्यावं लागलं.

त्या दिवाळीत भीमराज गेला. सुंदराबाई साकीनाक्याला मुलीकडे राहायला गेली. आणि नंदूने आठवडाभर कुणाच्याच मिक्श्चरमध्ये रंग घातला नाही. लक्षातच आलं नाही त्याच्या. लोक पांढऱ्या बाटल्या घेऊन भांडायला आले, “हे काय पाणी देतोस?” नंदू म्हणाला, “पाणीच होतं हो. त्याला पण तेच देत होतो.” डॉक्टरांनी त्याला दोन दिवस सुट्टी देऊन घरी पाठवला.

मग जानेवारीत डॉक्टर लोकांनी त्या हृदयाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायचा बेत काढला. दौड. मुलुंडच्या जकातनाक्यापासून निघायचं, घाटकोपर, कुर्ला, साकीनाका, अंधेरी करत दहिसरच्या जकातनाक्याला पोचायचं. या दोन नाक्यांच्या मधे नुसता एक डोंगर आहे; सरळ डोंगरातून गेलं तर पाव वेळात पोचता येतं. पण मग वेळ नोंदवायला बिबट्याला बसवावं लागलं असतं. धावणाऱ्याने आधी ओळखीच्या लोकांकडून कबूल करून घ्यायचं, की मी जितके मैल धावेन तितके पैसे तुम्ही फंडाला द्यायचे. नंदूने डॉक्टरांकडे जाऊन आपलं नाव घातलं.

घरी रुक्मिणीवहिनींनी विळी बाजूला सारली. “खुळे झालात की काय? पोरीचा लगीन तोंडार इला, नि तुमी धावतल्यात? जिना चढताना तुमचो जीव जाता!”

“कुर्ल्यापर्यंतच जातो गो. कुंदाकडे जेवतो नि बसने परत येतो.”

हा मूळ बेत, लक्षात ठेवा. कुर्ल्याला बहिणीच्या हातचं जेवण, आणि बस.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे म्युनिसिपालिटीच्या मैदानावर सराव सुरू झाला. बनियन, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गुडघ्याखाली येणारी हाफपँट. तिकडे इस्पितळात संशोधन कुत्र्यांवर चाललं होतं, इकडे कुत्र्यांचं नंदूवर. खरं सांगतो, त्याला धावायला कुणी शिकवलं असेल तर मैदानावरच्या त्या काळ्या कुत्रीने.

आणि संध्याकाळी नंदू पावतीपुस्तक घेऊन दारोदार. इथेच सगळा घोटाळा झाला. आमच्याकडे पावतीपुस्तक घेऊन माणूस दोनच कारणांसाठी येतो. एक गणपती, आणि दुसरं घरातल्या कुणाचं तरी ऑपरेशन. जानेवारीत गणपती नसतो. पावतीवर ‘हृदयरोपण’ असं छापलेलं. आणि समोर उभा नंदू, तीन जिने चढून आलेला, घामाने भिजलेला, छातीवर हात ठेवून सांगतोय, “हृदयासाठी आहे हो!” लोकांनी काय समजायचं? बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शिवदासने मागितल्याच्या दुप्पट आकडा घातला, वर दळण फुकट केलं. “मैलाबिलाचं राहू दे यार,” म्हणाला, “तू बरा हो फक्त.” नंदूला वाटलं, लोक किती भले आहेत! दुसऱ्याच्या हृदयासाठी कुणी दार ठोठावत फिरेल, हे वस्तीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही.

आता पोरीच्या लग्नाचं सांगतो. अनुपमाचं स्थळ दहिसरच्या घाडींकडे ठरत आलं होतं. मुलगा चंद्रप्रकाश. अगदी रीतसर, मध्यस्थाने आणलेलं स्थळ बरं का! दोघं फोर्टात एकाच ऑफिसात होती आणि मध्यस्थाला त्यांनीच शोधून काढला होता, हे मला ठाऊक, शांताबाईंना ठाऊक, गिरणीला ठाऊक. फक्त दोन्ही बापांना पत्ता नव्हता.

मुलाचे वडील जयवंतराव घाडी हे वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. सगळा जन्म दुकानदारांची मापं उलटी करून बघण्यात गेला. भाजीवाल्याने काटा उचलला की ते वाकून खालून बघत. तर हे गृहस्थ सुपारी फुटायच्या आधी गुपचूप चौकशी करायला मुलुंडात आले आणि थेट गिरणीत शिरले. शिवदास पीठ झाडत म्हणाला, “परब ना? माणूस लाख आहे साहेब. बिचाऱ्याचं हृदय बदलायचंय.”

तासाभरात जयवंतराव परबांच्या दारात. मी तिथेच होतो. परबांकडे पाहुणे आले की मला नेमकी उसनी साखर मागायची आठवण होते.

“परब, स्पष्ट बोलतो,” जयवंतराव नंदूच्या बनियनकडे रोखून बघत म्हणाले. “मुलगी आम्हाला पसंत आहे. पण घराण्यात हृदयाचं आहे, हे तुम्ही लपवलंत.”

“कुणाच्या घराण्यात?”

“तुमच्या. बदलायचंय म्हणे.”

नंदूला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो हसत सुटला, हसता हसता खोकला आला, आणि खोकल्याने तोंड लाल झालं. जयवंतरावांनी खुर्ची मागे सरकवली.

“अहो, माझं नाही, दुसऱ्याचं!”

“कोण तुमचा तो?”

“पेशंट.”

“कुठे असतो?”

“गेला.”

जयवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. “मेलेल्या माणसाच्या हृदयासाठी हे धावणार?”

मी म्हटलं, “जिवंताच्या हृदयासाठी धावले असते तर तुम्ही लफडं म्हणाला असतात.”

रुक्मिणीवहिनींनी डोळे वटारले. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणतो, असं नंदू म्हणाला. जयवंतराव म्हणाले, “डॉक्टर तुमचाच मालक. दुकानदाराच्या काट्यावर दुकानदाराचा माल मी मोजत नाही.” मग जरा विचार करून बोलले, “धावणारच आहात ना? मग दहिसरच्या नाक्यापर्यंत पुरं धावा. मी बरोबर राहून बघतो. पोचलात तर त्याच दिवशी सुपारी. मधे बसलात तर क्षमा करा. माझा एकच मुलगा आहे.”

आतल्या खोलीत भांडं पडलं. अनुपमा तिथे उभी होती. रात्री ती बापाला म्हणाली, “बाबा, नको मला असलं घर,” आणि उशीत तोंड खुपसून रडली. नको असलेल्या घरासाठी कुणी असं रडतं का? नंदू काय तो समजला. कुंदाला कळवायचं राहून गेलं, पण कुर्ल्याचं जेवण रद्द झालं.

दौडीच्या रविवारी नाक्यावर साठेक जण जमले. बहुतेक पोलिसांतली आणि कॉलेजची काटकुळी पोरं. शिट्टी झाली आणि ती पोरं भांडुपच्या दिशेने दिसेनाशी झाली. रस्त्यावर उरला आमचा नंदू, आणि त्याच्या मागे वस्तीतल्या दादूची रिक्षा. रिक्षात डावीकडे मी, उजवीकडे जयवंतराव, मधे त्यांचा चहाचा थर्मास.

नंदूचं धावणं बघण्यासारखं होतं. धावणं नव्हे आणि चालणंही नव्हे. एखाद्याला फार जोराची लागलेली असावी आणि चारचौघांत दाखवायचं नसावं, तशी ती चाल. दादू वळून म्हणाला, “शेठ, मीटर वेटिंगवर टाकू का?”

वस्तीच्या तोंडाशी शांताबाई रस्त्यात आडव्या उभ्या. “अहो परब, जीव द्यायला निघालात? ऑपरेशनला आम्ही दिले ना पैसे!” त्यांना बाजूला करण्यात बराच वेळ गेला. विक्रोळीपर्यंत असंच चाललं. कुणी हात धरायचं, कुणी खुर्ची आणायचं. घाटकोपरला ओळखीची माणसं संपली तेव्हा कुठे त्याचे पाय मोकळे झाले.

कुर्ल्याला मात्र कठीण प्रसंग होता. कुंदा फूटपाथवर ताट घेऊनच उभी. “दादा, सुंगटां केलंय रे! पाच मिन्टां बस!” कोळंबीच्या कालवणाचा वास रिक्षापर्यंत आला. माझंच मन डळमळलं. नंदूने डोळे मिटून घेतले, तोंड फिरवलं आणि तसाच पुढे गेला. त्याच्या गालावरून जे ओघळलं ते घाम नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

जयवंतरावांनी तेव्हा पहिल्यांदा थर्मासचा पेला बाजूला ठेवला. “माणूस हट्टी दिसतो,” म्हणाले.

“मालवणी आहे,” मी म्हटलं.

साकीनाक्याला नंदूची पिंढरी वळली. रविवारची बंद वर्कशॉपं, लोखंडाच्या भुशाचा वास, आणि हा एका शटरला धरून एका पायावर उभा. चेहरा राखेसारखा. दादूने रिक्षा थांबवली. मी उतरणार, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून सुंदराबाई आली. कुणी सांगितलं होतं तिला कोण जाणे. खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि पिंढरी रगडायला लागली. हात मजुरीचे, नंदू कळवळला.

“आई, बसायला सांगू नको. बसलो तर उठणार नाही.”

“कोण म्हणतंय बस?” ती म्हणाली. “त्या पैशाचं काय करत्यात रे?”

“प्रयोग. नळ्या, धागे, औषधं. कुत्र्यांवर.”

“मग माणसाला कधी?”

“ते डॉक्टरांनापण माहीत नाही.”

“म्हंजी आपल्या ओळखीत कुणाला उपेगाचं न्हाई.”

“नाही बहुतेक.”

ती थोडा वेळ रगडत राहिली. मग म्हणाली, “असू दे. ज्याला लागंल त्याला लागंल. तुझं ते गुलाबी औषध त्याला आवडायचं बग. सरबत म्हणायचा. सुट्टीच्या दिशी दोन डोस प्यायचा.” तिने त्याचा पाय जमिनीवर ठेवला आणि पाठीत थाप मारली, “चल, हाल आता.” पुढचा चढ संपेपर्यंत ती त्याच्या बाजूने चालत गेली. लुगड्याचा काष्टा मारलेली ती म्हातारी त्याच्यापेक्षा भरभर चालत होती, हे मी नंतर त्याला बरेचदा ऐकवलं.

रिक्षात आमचे इन्स्पेक्टर मागे वळून बघत होते. त्यांनी विचारलं, “ती बाई...?”

“गेलेल्या पोराची आई.”

“हूं.” आणि मग अंधेरी जाईस्तोवर ते मांडीवरची छत्री नुसती गोल फिरवत राहिले.

हायवेला लागलो आणि ऊन चढलं. जोगेश्वरी गेली, गोरेगाव गेलं. नंदू आता नुसता चालत होता, तोही तिरका. मालाडला जयवंतरावांचा धीर सुटला. त्यांनी बाहेर डोकं काढलं. “परब! पुरे आता. बसा आत. कळलं मला, हृदय चांगलं आहे.”

नंदूने मान वळवली नाही. “घाडीसाहेब, काटा हलत असताना वजन लिहायचात काय तुम्ही?”

“अहो, पण काही झालं तर माझ्या माथी येईल!”

“स्थिर होऊ दे काटा,” नंदू म्हणाला आणि चालत राहिला.

दादूने हॉर्न वाजवून दाद दिली. मी जयवंतरावांच्या थर्मासातला चहा ओतून घेतला. त्यांना तो सुचण्यासारखी अवस्था नव्हती.

बोरिवलीला नॅशनल पार्कच्या दरवाजाशी एक स्कूटर आमच्या रिक्षाला आडवी आली. पुढे चंद्रप्रकाश, मागे अनुपमा. तिचा हात त्याच्या खांद्यावर. सवयीने ठेवलेला हात आणि पहिल्यांदा ठेवलेला हात यांत फरक असतो, आणि मापं तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो कळतो. जयवंतरावांनी आधी हाताकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलाने स्कूटरच्या आरशाकडे.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“ते नंतर,” अनुपमा उतरत म्हणाली. बापाकडे तिने एकदाच पाहिलं. आणि मग ती रिक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली. “काका, तुम्ही आमच्या बाबांचं हृदय बघितलंत. आता मला माझ्या सासऱ्यांचं बघायचंय. उतरा.”

“मी?”

“इथून नाका फार लांब नाही. बाबांबरोबर चालत चला. नाहीतर मीच नाही म्हणते.”

“अगं, माझी साठी झालीय!”

“बाबा छप्पन्नचे आहेत, पण ते मुलुंडहून आलेत. तुम्ही बोरिवलीहून या.”

जयवंतरावांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी थर्मासचं झाकण लावत होतो. दादू म्हणाला, “उतरा साहेब, पोरगी खमकी आहे. घरात असली बरी.” ते उतरले. छत्री उघडली, ती काही वेळ स्वतःवर धरली, मग नंदूवर, मग दोघांवर मिळून. पण नंदू तिरका जायचा आणि छत्री सरळ, त्यामुळे सावली कुणालाच मिळत नव्हती. अर्ध्या वाटेत जयवंतरावांनी कोट काढून रिक्षात टाकला. पाऊण वाटेत त्यांनी नंदूचा दंड धरला. आधार द्यायला, असं ते म्हणतात. मागून बघताना आधार उलट्या दिशेने चालला होता.

नाक्यावर पोचलो तेव्हा दौडीचा कापडी फलक उतरवून घडी घालणं चालू होतं. जिंकलेली पोरं कधीच घरी जाऊन जेवून झोपली असतील. ट्रकांच्या रांगेत हे दोघं धापा टाकत उभे. जकातीच्या कारकुनाने सवयीने हात आडवा केला, “काय माल?”

दादू ओरडला, “दोन व्याही! जुना माल आहे, सोडा!”

पलीकडे रुक्मिणीवहिनी उभ्या होत्या. सकाळपासून नवऱ्याला शिव्या द्यायची तयारी करून आलेल्या. पण त्याला बघून सगळ्या विसरल्या आणि नुसतंच त्याच्या बनियनवरचा नंबर सरळ करत राहिल्या. जयवंतराव फूटपाथवर बसले ते बसलेच. नंदू शेजारी टेकला. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चंद्रप्रकाश तर श्वास घ्यायचा विसरला होता.

वहिनींनी हळूच विचारलं, “काय हो? बरा आसा ना?”

नंदूने मनगट खाली ठेवलं. “जरा जोरात चाललीय,” तो म्हणाला, “पण खोट नाही. देऊया पोरगी.”

जयवंतरावांनी मान हलवली. त्यांनी खिशातून सकाळपासून ठेवलेली सुपारी काढली आणि नंदूच्या हातात दिली. ती फोडायला दोघांपैकी एकालाही उठता आलं नाही, म्हणून शेवटी दादूने रिक्षातला पाना आणला.